दिसणारे विश्व आणि गाठता येणारे विश्व

सप्तर्षीच्या दिशेला असलेली जीएन-झेड११ ही दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांमुळे २०१६ साली चर्चेत आली. महास्फोटानंतर जेमतेम ४० ते ४५ कोटी वर्षांनी तिच्यातून निघालेला प्रकाश सुमारे १३.४ अब्ज वर्षांचा प्रवास करून आपल्यापर्यंत पोहोचतो आहे. तो वाटेत असताना विश्वाचे प्रसरण चालूच राहिले, त्यामुळे ती दीर्घिका आज आपल्यापासून सुमारे ३२ अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे. तिचे छायाचित्र आपण घेऊ शकतो. पण आज तिच्याकडे प्रकाशाचा किरण सोडला, तर तो अनंत काळ धावत राहूनही तिथे पोहोचणार नाही.

अंतराळप्रवासाच्या मर्यादांचा विषय निघाला की बहुधा यानांच्या वेगावर बोलले जाते, आणि तेही गैर नाही. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. या वेगाने प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर कापायला ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील. मात्र ही अडचण तंत्रज्ञानाची आहे. खरी सीमा घातली आहे ती अवकाशाच्या प्रसरणाने, आणि तिच्यापुढे कोणत्याही इंजिनाचा इलाज चालत नाही.

दोन दीर्घिकांमधले अंतर जितके जास्त, तितक्या वेगाने त्या परस्परांपासून दुरावतात. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे हा वेग सेकंदाला साधारण ७० किलोमीटरने वाढतो; म्हणजे सुमारे १४ अब्ज प्रकाशवर्षांवर तो प्रकाशाच्या वेगाइतका होतो. प्रकाशाहून वेगाने काहीच धावू शकत नाही, या सापेक्षतावादाच्या नियमाचा यात भंग होत नाही, कारण दीर्घिका अवकाशातून धावत नसून मधले अवकाशच ताणले जात असते. प्रसरणाचा इतिहास जमेस धरून गणित मांडले, तर आज निघालेला प्रकाश जिथवर कधी तरी पोहोचू शकेल, ती सीमा याहून थोडी पलीकडे, सुमारे १६ ते १७ अब्ज प्रकाशवर्षांवर पडते. दृश्य विश्वाची त्रिज्या मात्र सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे आहे. आकारमान त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, जे दिसते त्यातला जेमतेम पाच टक्के भागच गाठण्याजोगा उरतो. हा आकडा मला विश्वशास्त्रातला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा वाटतो.

तोही कायम राहणारा नाही. प्रसरणाचा वेग वाढत आहे, असे दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांवरून १९९८ साली आढळले आणि त्या शोधाबद्दल सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व अ‍ॅडम रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या वाढीमागे असलेल्या, पण स्वरूप अजून न उलगडलेल्या कृष्ण ऊर्जेमुळे आणखी दीर्घिका सतत त्या सीमेपलीकडे जात आहेत.

गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेला आपला स्थानिक दीर्घिकासमूह मात्र या ताणाला दाद देत नाही. आकाशगंगा, देवयानी, त्रिकोण आणि अनेक लहान दीर्घिकांचा हा समूह सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांत पसरलेला आहे. पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतके त्वरण यानाला सतत देता आले आणि निम्म्या वाटेनंतर तेवढ्याच प्रमाणात वेग कमी करत नेला, तर प्रकाशाच्या वेगाजवळ गेलेल्या यानात काळ संथ चालत असल्यामुळे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी यानातल्या घड्याळानुसार तीसएक वर्षांतच गाठता येईल, जरी पृथ्वीवर तोवर २५ लाखांहून अधिक वर्षे लोटलेली असतील. एवढे इंधन कुठून आणायचे, याचे उत्तर आज कोणापाशीच नाही. तरीही या प्रवासाला भौतिकशास्त्राची आडकाठी नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कृष्ण ऊर्जेची घनता कायम राहते, या गृहीतावर हे सारे हिशेब उभे आहेत. ॲरिझोनातल्या डेसी या उपकरणाने केलेल्या दीर्घिकांच्या मोजणीतून २०२४ आणि २०२५ मध्ये, ही ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असे संकेत मिळाले आहेत. ते अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाहीत; पण पुढे खरे ठरले, तर गाठता येणाऱ्या विश्वाची सीमा नव्याने आखावी लागेल.