ब्लॉकला बोअर मारायचा की नुसता होन?

आमच्या सांगली जिल्ह्यात 'बोअर' म्हटलं की आधी पाणी आठवतं. जतला नाहीतर आटपाडीला कुणी 'बोअर मारली' म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला : 'किती फुटांवर लागलं?' ती शेतातली बोअर. गॅरेजातला मात्र तो बोअर, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकातलं ते गोल भोक, ज्यात पिस्टन वर-खाली होतो : 'बोअर झिजलाय', 'बोअर वाढवायला लागतोय'. या 'तो' बोअरच्या शेजारी होन, म्हणजे त्याच भोकाची भिंत घासायचं हत्यार, येऊन बसला, की चांगले जाणते लोकही गडबडतात. (होन म्हणजे शिवकाळातलं सोन्याचं नाणं नव्हे, पण बिल बघून तसं वाटू शकतं.)

गोंधळ का होतो ते उघड आहे. दोन्ही कामं एकाच सिलिंडरात होतात, एकाच लेथवाल्याकडे होतात, दोन्हीनंतर आतली भिंत चकचकीत दिसते आणि दोन्ही पावतीवर एकाच ओळीत येतात : 'बोअरिंग-होनिंग'. त्यामुळे ही एकाच कामाची दोन नावं असावीत असं वाटतं, नाहीतर होनिंग म्हणजे स्वस्तातलं बोअरिंग असं. दोन्ही समज चुकीचे, आणि दुसरा जास्त महागात जातो.

मला हे नीट समजलं ते मावसभावाच्या गाडीमुळे. २००१ मॉडेलची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. तिच्या काळात १०६ अश्वशक्तीची ही गाडी म्हणजे तरुण पोरांचं स्वप्न होतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती सांगलीच्या गावभागात उभी होती आणि कृष्णेचं पाणी बॉनेटवरून गेलं. पूर ओसरल्यावर घर सावरायचं की गाडी? गाडी तशीच राहिली, दोन वर्षं. मग एक दिवस तो म्हणाला, "दादा, घरीच खोलूया. आणि खोलतोयच, तर थोडी पॉवर पण वाढवू."

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काढलं तेव्हा चित्र मजेशीर होतं. पहिला आणि दुसरा सिलिंडर बरा, तिसरा-चौथा गंजलेला. याला कारण आहे. चार सिलिंडरांचा फायरिंगचा क्रम १-३-४-२. बंद पडताना पहिला कॉम्प्रेशनवर (हवा दाबत) असेल, तर तिसरा हवा आत घेत असतो आणि चौथा धूर बाहेर टाकत असतो, म्हणजे या दोघांचे व्हॉल्व्ह उघडे. पाणी तिथूनच शिरलं. दुसऱ्याचे आणि पहिल्याचे व्हॉल्व्ह बंद होते म्हणून ते वाचले. पिस्टन जिथं थांबलेलं, तिथं त्याच्याभोवतीच्या रिंगांच्या उंचीवर गंजाचे गोल पट्टे उठले होते. पॉलिश पेपरने पुसले तर पट्टे गेले, पण खाली बारीक खड्डे दिसले. नख फिरवलं की अडकत होतं.

जिथं आधी ब्लॉक दाखवला, तिथं सांगितलं, "काय नाय हो, होन मारून नव्या रिंगा टाकू, होतंय की." या 'होतंय की'मध्येच सगळी गोम आहे.

होनिंग म्हणजे घासणं. मशिनच्या दांड्याला घासणारे दगड बसवलेले असतात. दांडा गोल फिरतो, त्याच वेळी वर-खाली होतो, आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा उमटतात, चौकटीच्या लुगड्यासारख्या. त्या रेघांच्या खोबणीत ऑइल धरून राहतं आणि नवी रिंग त्यांच्या शिखरांवर घासून आपली जागा करून घेते. जुना सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, त्यात नवी रिंग बसतच नाही. म्हणून होनिंग लागतं.

बोअरिंगमध्ये दगड नसतो, धार असते. एकच कटर, एकाच रेषेत खाली सरकत, धातू कापत जातो. त्याला जुन्या सिलिंडरच्या आकाराशी देणंघेणं नसतं. भिंत वाकडी असो, लंबगोल असो, खड्ड्यांची असो, तो स्वतःच्या मध्याभोवती नवा, सरळ, मोठा गोल पाडतो.

शेतकऱ्याला एका वाक्यात सांगायचं तर बोअरिंग ही नांगरट आणि होनिंग ही कुळवणी. नुसत्या नांगरटीवर कुणी पेरत नाही, आणि कुळव चालवून नांगरटीचं काम होत नाही. (पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली, तीच मुळी लोखंडी नांगरासाठी. तेव्हा ही उपमा इथं परकी नाही.) म्हणजे प्रत्येक बोअरिंगनंतर होनिंग लागतंच, पण प्रत्येक होनिंगच्या आधी बोअरिंग लागतं असं नाही. आणि जिथं ते लागतं, तिथं नुसत्या होनिंगने फक्त खराब भिंत छान दिसायला लागते.

घरी ड्रिलला लावून वापरतात तो तीन पायांचा होन, किंवा काडीला गोळ्या चिकटवल्यासारखा बॉल होन, स्प्रिंगवर चालतो. भिंत जिकडे झुकेल तिकडे तोही झुकतो. वरचा भाग झिजून रुंद झाला असेल, तर तो तिथंही इमानदारीत रेघा मारतो आणि सिलिंडर जसा वाकडा होता तसाच वाकडा ठेवतो. मोठ्या मशिनचा ताठ होन थोडा आकार सुधारू शकतो, पण ते मशिन आपल्या अंगणात नसतं.

मग लागतंय काय हे ओळखायचं कसं? आतला व्यास मोजायचं डायल बोअर गेज असेल तर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यायचं, विषय संपला. आमच्याकडे नव्हतं. पण फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं फिलर गेज होतं आणि एक जुनी रिंग होती. रिंग सिलिंडरात टाका, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करा, आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. हीच रिंग वर आणि तळाशी, दोन्ही ठिकाणी. तळाला रिंगा पोचत नाहीत, त्यामुळे तिथला बोअर जवळपास मूळ मापाचा असतो. आम्हाला पहिल्या सिलिंडरात, म्हणजे वाचलेल्यात, तळाला ०.३५ मिमी फट मिळाली आणि वर ०.५५. फरक ०.२० मिमी. फट परिघावर मोजली जाते, म्हणून तिला ३.१४ ने भागायचं : व्यासात जवळपास ०.०६ मिमीचा फरक. ढोबळ मर्यादा ०.०५ ची धरतात. म्हणजे गंज न लागलेला सिलिंडरसुद्धा वीस वर्षांत फनेल झाला होता! नुसता होन मारला असता तर नवी रिंग प्रत्येक फेरीला वर उघडली असती, खाली मिटली असती, आणि वर्षभरात गाडी पुन्हा निळा धूर सोडत स्टँडकडे निघाली असती.

याच्या उलटही होतं. गाडी ऑइल खातेय म्हणून घाबरून थेट बोअरिंगला नेणारे कमी नाहीत. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, बघा, मग त्याच सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर दोष वर, व्हॉल्व्हकडे. सकाळी पहिल्या स्टार्टला धूर येऊन मग थांबत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात, ब्लॉकला हातही लावावा लागत नाही.

आता पॉवरची गोष्ट, कारण भावाचा खरा जीव तिथं होता. "बोअर वाढवला की पॉवर वाढते" हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. हिशोब करून बघू. या इंजिनाचा बोअर ७५ मिमी, स्ट्रोक ८४.५ मिमी, चार सिलिंडर मिळून १४९३ सीसी. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठे, पिस्टन मिळतात ते ०.२५ मिमीचे आणि ०.५० मिमीचे. मोठं धरलं, तरी बोअर ७५.५ होतो आणि एकूण घनफळ १५१३ सीसी. वाढले वीस सीसी, म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. यासाठी कुणी चांगला सिलिंडर कापत असेल तर त्याला हात जोडावेत. बोअरिंग झिजेसाठी असतं, फार तर वेगळं, मजबूत पिस्टन घालायचं असेल तेव्हा कामाला येतं. उलट प्रत्येक वेळी कापताना भिंत पातळ होते, आणि अशा ॲल्युमिनिअमच्या ब्लॉकमध्ये बीडाचा स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, फार जाड नसतोच.

ट्रॅक्टरवर हात बसलेल्या मिस्त्रींना ही चिंता पटत नाही, कारण त्यांच्याकडे बहुतेक वेळा लायनर (तोच स्लीव्ह) सुटा निघतो. गळीत हंगाम संपला की उसाचे ट्रॅक्टर इंजिनाला येतात, जुना लायनर उपसला, लायनर-पिस्टनचं किट घातलं, मोकळे. कारच्या ब्लॉकात ते चालत नाही, स्लीव्ह तिथं कायमचा बसलेला असतो. बोअर संपला की जुना कापून नवा स्लीव्ह दाबायचा, ते काम घरचं नाही.

पॉवर खरी असते ती होनिंगमध्ये, आणि हे कुणी सांगत नाही. रिंग भिंतीला जितकी घट्ट बसेल तितका जळालेला वायू पिस्टनला ढकलेल, खाली क्रँककेसमध्ये गळणार नाही. त्यामुळे पैसे वाचवायचेच असतील तर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या नव्या कॅमवर वाचवा, होनिंगवर नको. चांगला लेथवाला बोअरिंग पुऱ्या मापाला कधीच नेत नाही, ०.०५ ते ०.०८ मिमी शिल्लक ठेवतो आणि ती होनने काढतो. कारण कटरने धातू फाटतो, भिंतीवर बारीक आटे राहतात आणि ते पूर्ण घासून जायला हवेत. घाईवाला पुऱ्या मापाला कापतो आणि वर 'दोन हात' होन मारून देतो. दिसायला दोन्ही सारखेच.

आम्ही कुपवाड एमआयडीसीतल्या दुकानात गेलो. तिथल्या अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "पिस्टन आणलाय?" नव्हता आणला. "मग ब्लॉक घेऊन जावा. पिस्टन आधी, बोअर नंतर." बरोबर होतं त्यांचं. पुड्यावर ०.५० लिहिलेलं असलं तरी पिस्टन मायक्रोमीटरने स्कर्टवर (खालच्या भागावर) मोजायचा, त्यात फटीचं माप मिळवायचं, आणि तो झाला त्या सिलिंडरचा बोअर. साध्या ओतीव पिस्टनला ०.०२ ते ०.०४ मिमी फट पुरते. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला जास्त फट लागते, म्हणून थंड असताना तो टकटक करतो. हे माहीत नसलं की माणूस नवं इंजिन पुन्हा खोलून बसतो.

०.२५ का नाही, ०.५० च का? कारण हे माप व्यासाचं असतं. ०.२५ ला भिंतीतून प्रत्येक बाजूला फक्त ०.१२५ मिमी निघतं, आणि आमचे खड्डे त्यापेक्षा खोल होते. दोनच सिलिंडर कापून भागवायचा मोह झाला होता, पण चारही एकाच मापाचे केले. वाचलेले दोन तरी कुठं सरळ होते!

एक हट्ट मी धरला. हेड आवळलं की बोल्टच्या ओढीने सिलिंडर किंचित वाकतो. या ब्लॉकला असे दहा बोल्ट. मोकळ्या ब्लॉकात मारलेला अगदी गोल होन, हेड बसल्यावर गोल राहत नाही. म्हणून शर्यतीची इंजिनं करणारे हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट आवळून मग होन मारतात. अण्णांकडे तशी प्लेट नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेजारच्या गाळ्यात एक हाक मारली, आणि चार दिवसांत जाड पोलादी प्लेटला भोकं पाडून आली. एमआयडीसीच्या गावात राहण्याचा हा फायदा.

रेघांचा कोन त्यांनी साधारण ४५ अंश ठेवला. घरच्या ड्रिलवर इथंच फसतं. ड्रिल भरभर फिरतो, हात हळू चालतो, आणि रेघा जवळजवळ आडव्या पडतात. हात भराभर चालवायचा, ड्रिल हळू. दगड साध्या बीडाच्या रिंगांना २२० ते २८० नंबरचा चालतो, मॉलिब्डेनमच्या रिंगांना शेवटचा हात त्याहून बारीक लागतो.

आणि धुणं. माझं पहिलं इंजिन, साधं तीन सिलिंडरचं आठशे सीसीचं, मी होननंतर पेट्रोलने धुतलं होतं. स्वच्छ दिसत होतं. हजार किलोमीटरच्या आत रिंगा गेल्या. पेट्रोल ऑइल घेऊन जातं, पण रेघांच्या तळात अडकलेली दगडाची पूड तिथंच ठेवतं, आणि मग ती पूड आतून होन मारत राहते. या वेळी मोरीत बसून गरम पाणी, कपड्याची साबणपूड आणि ब्रश. मग पांढऱ्या धोतराच्या फडक्याला ऑइल लावून सिलिंडर पुसायचा. पहिलं फडकं काळं आलं. पाचवं करडं. आठवं पांढरं राहिलं तेव्हा थांबलो आणि लगेच ऑइल चोपडलं, कारण ओला बीड बघता बघता तांबूस होतो. मावशी दारातून म्हणाली, "एवढं लक्ष भांड्यांकडे दिलं असतंस तर बरं झालं असतं."

स्टार्ट केल्यावर गाडी उभ्याने घुरघुरत ठेवली नाही. रिंग बसायला मागे दाब लागतो. पेठ नाक्यावरून हायवेला लागून कराडपर्यंत वेग चढवत-उतरवत नेली, पुढे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट, चढताना मध्यम जोर, उतरताना गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडून. पाचशे किलोमीटरला काढलेल्या ऑइलमध्ये चंदेरी चमक होती, रिंगांनी घासलेल्या शिखरांची. त्यानंतरचं ऑइल काढलं, ते मधासारखं निघालं.