थिजलेल्या संगणकाला बोलते करताना

संगणक कोसळला काय किंवा थिजला काय, वापरणाऱ्याची अडचण सारखीच होते. दोष शोधणाऱ्याला मात्र कोसळलेली प्रणाली अधिक सोयीची, कारण ती पुरावा मागे ठेवते. हायकू या मुक्त कार्यप्रणालीत हा फरक नीट पाहता येतो. बीओएस ही प्रणाली बंद पडण्याच्या सुमारास, २००१ मध्ये, स्वयंसेवकांनी तिची नव्याने बांधणी सुरू केली आणि पहिली बीटा आवृत्ती २०१८ मध्ये आली.

हायकूच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, सावरता न येणारी चूक झाली, की पडद्यावर ‘कर्नल डिबगिंग लँड’ हा डिबगर (दोष शोधण्याचे साधन) उघडतो. तेथे ‘बीटी’ ही आज्ञा दिली असता कोणत्या फंक्शनने (प्रोग्रामच्या उपभागाने) कोणाला बोलावले याची उतरंड दिसते. मेमरीच्या सदोष पत्त्यात ‘डेडबीफ’ ही षोडशमान (सोळाच्या पायावर लिहिलेली) संख्या आढळली, तर बराचसा उलगडा तेथेच होतो. तपासणीसाठी बांधलेला कर्नल मोकळ्या केलेल्या मेमरीत ही संख्या मुद्दाम भरून ठेवतो; म्हणजे घर सोडून गेलेला भाडेकरू जुन्याच किल्लीने दार उघडू पाहत होता, असे समजावे.

थिजण्याचे कोडे अधिक अवघड असते. पुष्कळदा दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे दोन धागे, एकमेकांच्या हातातील कुलपाची (एखादी गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी यासाठीच्या खुणेची) वाट पाहत अडकून बसतात. चूक घडल्याची नोंद होत नाही, कारण नियमानुसार दोघेही केवळ थांबलेले असतात. अशा वेळी ऑल्ट, सिसआरक्यू आणि डी या कळा एकत्र दाबून कर्नलला मुद्दाम डिबगरमध्ये आणता येते. डिबगर उघडला, तर निदान कीबोर्डचे इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत) पोहोचत आहेत एवढे कळते, आणि मग कोणता थ्रेड कशासाठी थांबला आहे हे तपासता येते.

यंत्र सुरूच होत नसेल, तर आरंभी शिफ्ट दाबून धरल्यास बूट लोडरचा (प्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) पर्यायफलक येतो. ग्राफिक्स ड्रायव्हर, एकाहून अधिक प्रोसेसर, एसीपीआय (वीज व हार्डवेअर हाताळण्याची व्यवस्था) यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बाजूला ठेवून पाहावी. घाईने सर्व पर्याय एकदम निवडले, तर यंत्र सुरू होईलही, पण दोषी कोण ते कळणार नाही. याच फलकातून मागील सत्राची सिसलॉग (प्रणालीतील घडामोडींची) नोंदही वाचता येते. ती नोंद मेमरीतच शिल्लक असल्यामुळे वीज न तोडता यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. बंद करण्याचे बटण दाबून धरण्याची आपली जुनी सवय नेमकी येथे नडते.