दंतवैद्यकीय प्रात्यक्षिक सराव

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याने आधी काढलेल्या किंवा कृत्रिम दातांवर आणि पुढे देखरेखीखाली रुग्णावर करावयाचे हाताचे काम. पहिल्या टप्प्यास पूर्वचिकित्सालयीन, तर दुसऱ्यास चिकित्सालयीन सराव म्हणतात. या कामातील प्रावीण्य आणि लेखी परीक्षेतील गुण यांची सांगड पुष्कळदा गृहीत धरली जाते. ती वाटते तितकी पक्की नाही.

1840 मध्ये बॉल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय निघाले. तोवर हा व्यवसाय मुख्यतः उमेदवारी करून शिकला जाई. सरावासाठीच्या कृत्रिम डोक्याचे (फँटम हेड) श्रेय सामान्यतः ग्लासगोचे ऑस्वाल्ड फर्गस यांना देतात आणि त्यासाठी 1894 हे वर्ष सांगतात. परंतु त्यांचे साधन म्हणजे धातूच्या दांड्यावर बसवलेले जबडे. ओठ-गालांसह पुरे डोके ही पुढची सुधारणा दिसते. प्लास्टरमध्ये रोवलेल्या काढलेल्या दातांवर हात बसवण्याची पद्धत त्याहूनही जुनी असावी. तेव्हा 1894 हे वर्ष साधनाचे मानावे, सरावाचे नव्हे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

कामातली अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी केलेल्या दातांतील पोकळ्यांच्या वर्गीकरणातील दुसऱ्या वर्गाची पोकळी दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरून शेजारच्या दाताला टेकलेल्या बाजूपर्यंत जाते. चांदीच्या भरणासाठी वरच्या भागाची खोली साधारण 1.5 ते 2 मिमी ठेवतात, हे विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. मात्र कडेचा पातळ पापुद्रा काढताना बर (दात कोरणारे फिरते टोक) जरा सरकला, की शेजारच्या निरोगी दातावर ओरखडा उमटतो. त्यातून वरची दाढ असेल तर सारे काम आरशात पाहून करायचे. पुढचे-मागचे उलटे दिसते आणि सुरुवातीचे काही आठवडे हात नेमका नको तिकडे वळतो.

हस्तकौशल्य प्रवेशापूर्वीच ओळखता येईल काय, हा जुना वाद आहे. अमेरिकेतील प्रवेश चाचणीत उमेदवाराला खडूचा ठोकळा कोरून दिलेला आकार काढावा लागे. 1972 मध्ये हे कोरीवकाम वगळून त्याजागी कागदावरील आकृत्यांवरून आकार ओळखण्याची चाचणी आली. तिचे गुण सुरुवातीच्या प्रात्यक्षिक विषयांशी काहीसे जुळतात, असे अनेक अभ्यासांत आढळले. चिकित्सालयात पोहोचेपर्यंत हा मेळ बहुधा क्षीण होतो. कौशल्य उपजत असते असे मानणारा पक्ष आहेच. तथापि चुका लगेच दाखवून दिलेल्या सरावाचा वाटा मोठा, या मताकडे पुराव्याचा कल अधिक दिसतो.

प्रात्यक्षिकाच्या गुणांच्या बाजूनेही खोट आहे. एकच पोकळी दोन परीक्षकांनी, किंवा एकाच परीक्षकाने दोनदा तपासली, तरी गुण बदलतात. नजरेच्या अंदाजाऐवजी निकषांची यादी वापरल्यास हा फरक कमी होतो, नाहीसा होत नाही. बरला दाताचा विरोध हाताला जाणवून देणारी संगणकीय साधने अलीकडे आली असून ती कोरलेल्या भागाचे मोजमाप स्वतःच करतात. लाळ आणि मध्येच हलणारी जीभ मात्र अजून रुग्णाच्याच तोंडात भेटते.

काही ठिकाणी ठरावीक संख्येने उपचार पुरे करण्याची अट असते. तेथे हात चांगला असूनही योग्य रुग्ण न मिळाल्याने विद्यार्थी मागे पडू शकतो.