वेलंकनी, त्सुनामी आणि ‘चमत्कार’ हा शब्द

२६ डिसेंबर २००४ला रविवार होता, आणि नाताळचा दुसरा दिवस. त्यामुळे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वेलंकनीत, मारियामाऊलीच्या तीर्थक्षेत्री, नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. सुमात्राजवळ भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहाही वाजले नव्हते. नऊच्या सुमारास लाटा नागपट्टणमच्या किनाऱ्यावर येऊन आदळल्या. बॅसिलिकेत, म्हणजे रोमने खास दर्जा दिलेल्या तिथल्या चर्चमध्ये, ख्रिस्तयाग (मिस्सा) चालू होता. आतले वाचले, किनाऱ्यावरचे शेकड्यांनी गेले. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यातच सहा हजारांवर माणसे दगावली.

वाद सुरू झाला तो यानंतर, आणि एका शब्दावरून. पाणी चर्चमध्ये शिरले नाही, हा चमत्कार, असे भाविक म्हणू लागले. चर्च उंचवट्यावर आहे, एवढे सोपे उत्तर शंकेखोरांकडे होते. त्यावर भाविकांचे म्हणणे असे, की पाणी अर्धा किलोमीटर आतल्या बसस्थानकापर्यंत गेले, आणि ते स्थानक चर्चच्याच पातळीवर आहे. जमिनीच्या उतारावर आणि इमारतींच्या आडोशावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलून झाले आहे. मला खटकते ते वेगळेच. ‘चमत्कार’ म्हटले की वाचलेल्यांचा हिशेब लागतो, वाळूत सापडलेल्यांचा लागत नाही. तेही माऊलीकडेच आले होते.

त्यातले बरेच जण समुद्रस्नानाला गेलेले होते. नवस फेडायचा तर इथे मुंडण करतात आणि मग समुद्रात डुबकी मारतात. चर्चपासून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर मेणबत्त्या, नारळ, शंखशिंपले आणि पातळ पत्र्याचे हात-पाय-डोळे विकायला असतात. जो अवयव बरा झाला, तो वाहायचा. म्हणजे उपकार फेडण्याची रीतच माणसांना पाण्याकडे नेते. हे लिहायला अवघड आहे, पण वगळले तर पार्श्वभूमी अर्धीच राहते.

मराठी ख्रिस्ती बोलीत ‘उपकारस्तुती’ असा जुना, साधा शब्द आहे. ख्रिस्तयागासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, युखारिस्त, त्याचा अर्थही तोच. उपकार मानायला चमत्कार सिद्ध करावा लागत नाही. सुटलेला माणूस आणि घरचे माणूस गमावलेला माणूस एकाच बाकावर बसून ती प्रार्थना म्हणू शकतात. चमत्काराची घोषणा असती तर दुसऱ्याला तिथून उठावे लागले असते.

खरे तर हे क्षेत्रच वादळातून निघालेले. मारियेने दूध नेणाऱ्या मुलाला आणि ताक विकणाऱ्या पांगळ्या मुलाला दर्शन दिले, या दोन गोष्टी भाविकांना ठाऊक आहेत. तिसरी परंपरा पोर्तुगीज खलाशांची: बंगालच्या उपसागरात जहाज वादळात सापडले, त्यांनी मारियेला साकडे घातले आणि ते ८ सप्टेंबरला या किनाऱ्याला लागले. मारियेच्या गवती झोपडीवजा देवळाच्या जागी त्यांनी पक्के देऊळ बांधले, पुढच्या खेपेला चिनी मातीच्या तबकड्या आणल्या. त्या वेदीपाशी आजही दाखवतात. १९६२ साली रोमने बॅसिलिकेचा दर्जा दिला.

त्सुनामीनंतर गावात सामूहिक दफन करावे लागले. तिथे आता स्मारक आहे आणि दर २६ डिसेंबरला सर्वधर्मीय प्रार्थना होते. पुरताना कुणाचा धर्म विचारायला वेळ नव्हता, त्यामुळे ती प्रार्थना दुसऱ्या कुठल्या रीतीने होऊही शकली नसती.

२९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबरच्या सणाला वसई, मुंबई, गोव्यातून माणसे जातात. काही जण भगव्या कपड्यांत अनवाणी चालत येतात, काही जण वाळूच्या वाटेवरून गुडघ्यांवर सरकत जुन्या तळ्याकाठच्या चर्चपर्यंत पोचतात. मुंडण झालेल्यांची रांग अजूनही समुद्राकडेच वळते.