निरीक्षणगृहातील मुलाची भेट आणि पत्रव्यवहार : पार्श्वभूमी

मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतले की घरची माणसे आजही 'रिमांड होम कुठे आहे' असेच विचारत निघतात. हा शब्द देशाच्या कायद्यातून जाऊन त्याजागी 'निरीक्षणगृह' येऊन चार दशके होत आली, तरी रिक्षावाल्यापासून हवालदारापर्यंत सर्वांच्या तोंडी तोच आहे, आणि भेटीबाबतचा बराचसा गोंधळ याच शब्दापाशी सुरू होतो.

मुंबईत १८५७ साली सुधारशाळा निघाली. पुढे १८९७ च्या कायद्याने १५ वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी ३ ते ७ वर्षे अशा शाळेत पाठवण्याची सोय केली. मात्र घर आणि वस्ती यांपासून तोडल्याशिवाय मूल सुधारत नाही, अशीच त्या काळची धारणा होती. १९२४ आणि १९४८ च्या मुंबई बाल अधिनियमांच्या काळात रिमांड होम रुळले. तेथे चोरीच्या आरोपातील मुलगा आणि स्थानकावर बेवारस सापडलेला मुलगा एकाच छपराखाली असत. डोंगरीची प्रसिद्ध संस्था तर ज्या जुन्या तुरुंगात 'केसरी' आणि 'मराठा'चे दोन तरुण संपादक, टिळक आणि आगरकर, १८८२ साली १०१ दिवस होते, त्याच आवारात उभी राहिली. अशा भिंतींच्या आत 'भेटी'ची 'मुलाकात' होणे स्वाभाविकच म्हणायचे.

१९८६ च्या केंद्रीय कायद्याने 'निरीक्षणगृह' हे नाव आणले, पण चौकशी चालू असलेल्या दोन्ही प्रकारच्या मुलांना तेथे ठेवण्याची मुभा कायम ठेवली. वाटा खऱ्या अर्थाने वेगळ्या झाल्या त्या २००० साली: विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले, बालक निरीक्षणगृहात आणि बाल न्याय मंडळाच्या अधिकारात, तर काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक बालगृहात आणि बालकल्याण समितीच्या अधिकारात. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात अनेक जिल्ह्यांत दोन्ही गृहे एकाच आवारात असून फाटकही एकच असते. मुलगा मंडळापुढे हजर झालेला असताना आई समितीच्या दारात अर्ज घेऊन बसते, तेथून तिला मंडळाकडे पाठवतात, आणि मंडळाच्या बैठकीचा वार त्या दिवशी नसला तर तिची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही वाया जाते. साध्या भेटीची वेळ ठरवणे हे तर मुळात गृहाच्या अधीक्षकांचे काम. पण हे तिला दारात क्वचितच कोणी सांगते.

वादाचा खरा मुद्दा मात्र वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने ताब्यातील मुलाला पत्रे आणि भेटींद्वारे कुटुंबाशी संपर्क ठेवण्याचा हक्क दिला असून भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या नियमांनी तर साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि कोणत्याही परिस्थितीत महिन्यातून एकदा तरी भेट, असे प्रमाण घातले. आपल्या २००७ च्या केंद्रीय नियमांनी (२०१६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) यातला दुसरा, म्हणजे किमान आकडा उचलला आणि तोच नियम केला: भेट महिन्यातून एकदा, विशेष प्रकरणी अधिक वेळा, पण अधीक्षकांच्या मर्जीने. जगाने जी खालची मर्यादा मानली ती येथे नेहमीची मर्यादा ठरली, आणि हक्काची सवलत झाली. चांगला अधीक्षक दर आठवड्याला भेटू देई, कडक अधीक्षक महिन्यावर बोट ठेवी; नियमभंग दोघांपैकी कोणीच करत नसे. पत्रांचेही तेच. मुलाने हवी तेवढी पत्रे लिहावीत आणि महिन्याला किमान एका पत्राचा टपालखर्च संस्थेने करावा, असे तो नियम म्हणत होता. लगेच पुढे, पत्र उघडून वाचण्याचा आणि कारण वहीत नोंदवून ते नष्ट करण्याचा अधिकारही देत होता.

२०१५ च्या कायद्याने, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, मुलाला ताब्यात घेताच पालकांना कळवणे आणि २४ तासांत मंडळापुढे हजर करणे बंधनकारक ठेवले. त्याच कायद्याचे कलम ७४ मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. हे कलम वर्तमानपत्रे, वाहिन्या यांच्यासाठी आहे. तरी दूरध्वनीवर 'असा मुलगा आमच्याकडे आहे की नाही हे सांगता येत नाही' असे उत्तर पालकांनाही ऐकावे लागते. पलीकडचा माणूस खरोखर बाप आहे का, हे लिपिकाला फोनवर कळत नाही, हे मान्य. पण मग आधार कार्ड आणि शिधापत्रिका घेऊन दारात उभ्या असलेल्या बापालाही तेच ऐकवण्याचे कारण उरत नाही.

३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या साथीच्या काळात या गृहांतील मुलांची स्वतःहून दखल घेतली, शक्य त्या मुलांना जामिनावर सोडण्याचा विचार करण्यास मंडळांना सांगितले आणि बैठका ऑनलाइन घेण्याची वाट मोकळी केली. प्रत्यक्ष भेटी थांबल्या होत्या. चिवड्याचा डबा फाटकावर तपासून आत घेण्याची पद्धतही थांबली, आणि कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर आईचा चेहरा दिसू लागला.

सर्वांत लांबचा प्रवास आता १६ ते १८ वयोगटातील, निर्घृण गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांच्या घरच्यांना करावा लागतो. त्यांच्यासाठीचे 'सुरक्षित ठिकाण' ही वेगळी संस्था राज्यात किमान एक असावी, एवढेच कायदा म्हणतो; दोषी ठरलेल्या मुलाचा मुक्काम तेथे वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत असू शकतो. जिल्ह्याच्या गावी एका एसटीत पोचणाऱ्या आईला तेथे जायला रात्रीची गाडी धरावी लागते, आणि भेटीची वेळ ठरलेलीच असते.