दख्खनचा महादुष्काळ (१६३०–३२)

महाराष्ट्र, खानदेश व गुजरात या प्रदेशांत शके १५५२ च्या सुमारास पडलेला भीषण दुष्काळ. गुजरातेत विक्रम संवत् १६८७ वरून तो ‘सत्याशियो’ म्हणून ओळखला जातो. १६३० चा पाऊस हुकला. १६३१ मध्ये पाऊस आला, पण गुजरातेत अतिवृष्टीने हातची पिके गेली आणि पाठोपाठ रोगराई पसरली. म्हणून दुष्काळाची अखेर १६३१ ऐवजी १६३२ धरणे अधिक योग्य.

अवर्षणाला युद्धाची जोड होती. मोगल सरदार खानजहान लोदीचे बंड व निजामशाही मोडण्यासाठी शाहजहान १६३० पासून बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. वंजाऱ्यांचे तांडे माळव्याकडील धान्य आधी या लष्कराला पुरवीत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने धान्याने लादलेल्या सुमारे १४,००० बैलांचा तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. बैल वाटेवरच्या चाऱ्यावर जगत. चारा करपला की जनावरे पडत व दूरचे धान्य दूरच राही. पुणे परगणा तर याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने जाळून उद्ध्वस्त केला होता.

बादशाही मदतीचा तपशील शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याच्या बादशाहनाम्यात आहे. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर (मोफत अन्नछत्रे) उघडले गेले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले. महसुलात दिलेल्या सुटीच्या आकड्याबाबत मात्र घोळ आहे. प्रचलित इंग्रजी भाषांतरानुसार ७० लाख रुपये, ‘म्हणजे सुमारे ८० कोटी दाम’, माफ झाले व ही रक्कम एकूण महसुलाचा अकरावा हिस्सा होती. दाम हे तांब्याचे नाणे; चाळीस दामांचा रुपया धरल्यास ८० कोटी दामांचे दोन कोटी रुपये होतात, तेव्हा हे समीकरण जुळत नाही. ८० कोटी दाम हा खालसा (थेट बादशाही खजिन्याकडे सारा देणाऱ्या) मुलखाचा आकार, म्हणजे ठरवलेला महसूल, व तोच साम्राज्याच्या जमेचा (एकूण आकारलेल्या महसुलाचा) अकरावा हिस्सा, असा अर्थ घेणे सयुक्तिक ठरते. तसे केल्यास सूट खालशाच्या आकाराच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक भरते. जहागिरींतील सूट जहागीरदारांवर सोपवली होती. ती रयतेपर्यंत कितपत पोचली याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

मृतांचे आकडे (गुजरातेत तीस लाख, निजामशाही मुलखात दहा लाख) समकालीन युरोपीय पत्रव्यवहारातून आलेले असून ते अंदाज म्हणूनच घ्यावेत. मुले विकणे, गावे ओस पडणे व नरमांसभक्षण यांचे उल्लेख फार्सी व युरोपीय दोन्ही साधनांत आहेत. गुजरातेत विणकर मेले किंवा परागंदा झाले, कापसाच्या जमिनीत धान्य पेरले गेले व सुरतेचा कापडव्यापार पुढील काही वर्षे मंदावला.

मराठी साधनांत सर्वांत परिचित उल्लेख तुकारामांचा: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ।।’ अभंगात साल नाही. तुकारामांच्या जन्मासाठी शके १४९० पासून १५३० पर्यंतची वर्षे सुचवली गेली आहेत. शके १५३० (१६०८) मानल्यास दुष्काळाच्या वेळी त्यांचे वय २१-२२ येते व ते चरित्राशी जुळते. तथापि याच दुष्काळावरून जन्मसाल ठरवायचे आणि त्या जन्मसालावरून अभंगातला दुष्काळ हाच म्हणायचे, ही चक्राकार मांडणी टाळली पाहिजे.

गावकुसातले घर आणि शेत सोडून गेलेल्या कुळाची जमीन ‘गतकुळी’ ठरे. ती पुन्हा लागवडीस आणण्यासाठी सरकारी अंमलदार पाटलांना व कुळांना कौल (सवलतीच्या साऱ्याचे आश्वासन) देत. पुणे परगण्यात दादोजी कोंडदेवांनी हीच रीत वापरल्याचे बखरी सांगतात: इस्ताव्याने, म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या साऱ्याने, पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढता, आणि काही वर्षांनी पूर्ण धारा. सारा एकदम पूर्ण आकारल्यास नवे कूळ बैल व बी जमवण्याआधीच पुन्हा परागंदा होई.