पहाटे चारची पाठदुखी

मान आखडली की लोक बिनधास्त सांगून टाकतात, ‘मला स्पॉन्डिलायटिस झालाय.’ बहुतेकांना तो झालेला नसतो. त्यांना असतो स्पॉन्डिलोसिस, म्हणजे वयोमानाने मणक्यांची आणि मधल्या गाद्यांची होणारी झीज. ‘आयटिस’ म्हणजे दाह. नावं सारखी वाटली तरी ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची वागणूकही वेगळी आहे. झीज झालेली पाठ काम केलं की कुरकुरते आणि आडवं झालं की शांत होते. दाह असलेली पाठ आराम केला की जास्तच चिडते.

या गोंधळात माझ्या एका मित्राची सहा वर्षं गेली. पंचविशीत कंबर धरायला लागली. ‘गादी सरकली असेल, आराम कर’ असा सल्ला मिळाला. त्याने तो इमानेइतबारे पाळला आणि दुखणं वाढत गेलं. पहाटे चारला जाग यायची, कूस बदलणं मुश्कील व्हायचं. उठून घरातल्या घरात फेऱ्या मारल्या की तासाभराने पाठ जरा सुटायची. शेवटी तो एका संधिवाततज्ज्ञाकडे पोचला. डॉक्टरांनी त्याला उभं करून कमरेवरच्या दोन खळ्यांच्या रेषेवर पेनाने एक ठिपका काढला आणि दुसरा मोजून १० सेंटिमीटर वर. मग म्हणाले, ‘गुडघे न वाकवता पुढे वाका.’ निरोगी पाठीत हे अंतर ताणलं जाऊन १५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त होतं. त्याचं १२ वर अडलं. गंमत म्हणजे त्याची बोटं जवळजवळ जमिनीला टेकत होती. तो खुब्यातून वाकत होता, पाठ मात्र फळीसारखी सरळ. आजाराचं नाव निघालं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस.

हा आजार नेमका कुठे सुरू होतो, हा मला त्यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो (रुग्णांनी माफ करावं). सांध्याच्या पोकळीपेक्षा त्याचं लक्ष एन्थेसिसवर असतं. कंडरा किंवा अस्थिबंध जिथे हाडात शिरतो ती ही जागा. चार्जरची वायर कुठे तुटते ते आठवा. पिनेच्या तोंडाशी. मऊ आणि कडक वस्तू जिथे भेटतात तिथे सगळा ताण एकवटतो, म्हणून तिथे निमुळती रबरी बाही घालतात. शरीराची बाही चार थरांची आहे: आधी तंतू, मग तंतुमय कूर्चा, मग कॅल्शियम साठलेली कूर्चा आणि शेवटी हाड. मऊपणाकडून कडकपणाकडे पायरीपायरीने.

तरीही या जागेला रोज बारीक इजा होतातच. २०१२ मध्ये उंदरांच्या एन्थेसिसमध्ये काही प्रतिकारपेशी मुळातच ठाण मांडून बसलेल्या आढळल्या. इंटरल्युकिन-२३ हा रासायनिक निरोप मिळाला की त्या दाह पेटवतात. २०१४ च्या एका प्रयोगात, हा आजार होणाऱ्या उंदरांचे मागचे पाय अधांतरी ठेवून त्यांच्यावरचा भार काढला, तर टाचेच्या कंडरेतला दाह दबला. ताण आणि दाह यांचं नातं इतकं थेट आहे. यावरून ‘मग झोपूनच राहावं’ असा अर्थ कुणी काढू नये. माणसांमध्ये नियमित व्यायाम हा या आजाराच्या उपचाराचा पायाच आहे.

आता खरी चक्रावणारी गोष्ट. एकाच पाठीत हाड एकीकडे खाल्लं जातं आणि दुसरीकडे नको तिथे बांधलं जातं. एक मांडणी अशी: दाहात टीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, ते डीकेके-१ हे दुसरं प्रथिन वाढवतं आणि डीकेके-१ हाड बांधणाऱ्या पेशींना हुकूम देणारा डब्ल्यूएनटी हा संदेशमार्ग अडवतं. डीकेके-१ रोखलं की हाड खाणारा सांधेदाह हाड बांधणारा होतो, हे २००७ मध्ये उंदरांत दिसलं. इतकी आद्याक्षरं डोक्यावरून गेली असतील तर एवढंच धरा: दाह हा इथे ब्रेकही असतो. तो ओसरला की दुरुस्तीचं बांधकाम सुरू होतं आणि थांबायचं विसरतं. झिजेतली हाडाची टोकं आडवी, बाहेरच्या बाजूला वाढतात. या आजारातली टोकं मात्र गादीच्या कडेने उभी चढतात आणि दोन मणक्यांना सांधून टाकतात. बऱ्याच वर्षांनी एक्स-रेत पाठीचा कणा बांबूसारखा दिसतो. बाहेरून हाड चढतं आणि आतून मणके पोकळ होत जातात. म्हणून असा कणा साध्या पडण्यानेही मोडू शकतो.

एचएलए-बी२७ या जनुकाचा या आजाराशी संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवला. युरोपीय वंशाच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत ते सापडतं. पण उलटं गणित कुणी करत नाही: ते असलेल्या शंभरातल्या पाचेक जणांनाच हा आजार होतो. त्यामुळे पाठ ठणठणीत असताना ही तपासणी करून घ्यायची आणि ‘पॉझिटिव्ह’ वाचून झोप उडवून घ्यायची, हा निव्वळ स्वतःला दिलेला त्रास आहे. एक्स-रे सुरुवातीची काही वर्षं निर्दोष दिसू शकतो. एमआरआयमध्ये हाडातली सूज लवकर कळते. उपचारांत आधी दाहशामक गोळ्या, त्या पुरल्या नाहीत तर टीएनएफ किंवा इंटरल्युकिन-१७ (दाहाचा आणखी एक रासायनिक निरोप) रोखणारी इंजेक्शनं. इतर संधिवातांत धावून येणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत.

मानेची गोष्ट वेगळी आणि थोडी भीतीदायक. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो, कमरेला सहसा सोडतो पण मानेचे वरचे दोन मणके गाठतो. मान डावीउजवीकडे फिरते त्यातली निम्मी हालचाल या दोघांत होते, आणि त्यांच्यामध्ये गादी नसते. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका पहिल्याच्या कड्यात असतो आणि त्याला मागून एक आडवा अस्थिबंध धरून ठेवतो. त्या सुळक्याभोवती सांध्याचं अस्तर असतं. ते सुजलं की अस्थिबंध सैल पडतो, सुळकाही कुरतडला जातो. सुळका आणि कड्याची पुढची कमान यांत प्रौढांमध्ये साधारण ३ मिलिमीटरपर्यंत फट असते. ती वाढली की मज्जारज्जूची जागा कमी होते. डोक्याच्या मागे दुखणं, बटणं लावताना बोटं अडखळणं, मान वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं वाटणं या तक्रारी ऐकल्या की डॉक्टर मान पुढे वाकवून आणि सरळ ठेवून असे दोन एक्स-रे काढायला सांगतात. एकाच एक्स-रेत फट लपून राहते.

अशा मानेला ‘कट्’ असा आवाज काढून मणका जागेवर बसवून देणारे हात लागले तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही. मणका असा बसत नसतो. तो आवाज सांध्याच्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. आणि जुना आमवात असलेल्या माणसाचं कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी गुडघ्याचं जरी, तरी भूलतज्ज्ञांना तसं आधी सांगावं. भूल देताना श्वासनळीत नळी घालायला ते मान मागे वाकवतात, आणि माहीत असेल तर तेच काम मान न हलवताही करता येतं.